चार गिटारी आणि मधला खटका

सोमवार, १० मार्च. भूम. स्थळ: आमची जुनी खव्याची भट्टी.

हजर: मी. सुतारकाम करणारे चाचा. जळालेल्या मोटरींची वेटोळी नव्याने भरणारे माझे चुलत दीर. बार्शीहून आलेले गिटारचे सर, सोबत त्यांचा छोटा अँप्लिफायर. शेजारच्या पिठाच्या गिरणीतल्या काकू, न बोलावता.

गैरहजर: माझे यजमान, लातूरला ड्युटीवर. गावात असते तरी आले नसते. त्यांचा या उद्योगावर विश्वास नाही.

अशी नोंद ठेवायची सवय मला खव्याच्या धंद्यात लागली. त्या धंद्यात कोणत्या दिवशी कोण आलं होतं हे लिहून ठेवलं नाही, तर नासलेलं दूध कुणाच्या कॅनमधलं होतं हे शेवटपर्यंत कळत नाही. प्रत्येक जण आपलं दूध चांगलं होतं असंच सांगतो. चेहऱ्यावरून काही ओळखू येत नाही. दुधात यंत्र बुडवावं लागतं, फॅट बघावं लागतं.

त्या दिवशी टेबलावर आमच्या पहिल्या चार इलेक्ट्रिक गिटारी होत्या. सरांना त्या पसंत पडल्या तर क्लासच्या मुलांसाठी ते पुढेही आमच्याकडूनच घेणार होते. नाही पडल्या तर मी भट्टीची शेड पुन्हा भाड्याने देणार आणि चाचा पुण्याला दारं-खिडक्या बसवायच्या ठेक्यावर परत जाणार, हे ठरलेलं होतं. पुण्याच्या ठेकेदाराचा फोन सारखा येत होता. बिल्डिंगची लिफ्ट सगळं काम संपल्यावर सुरू होते, तोवर चौकटी खांद्यावरून न्याव्या लागतात आणि आता आपले गुडघे नाही म्हणतात, एवढं चाचांनी मला एकदा सांगितलं होतं. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. फोन आला की बाहेर जाऊन बोलायचे.

सुरुवात एका मोडक्या गिटारीपासून झाली. सरांच्या एका विद्यार्थ्याने ऑनलाइन मागवलेली गिटार मानेत तुटली होती. सरांनी ती चाचांकडे आणली. चाचांनी सांधा असा बसवला की तो कुठे होता ते बोट फिरवूनही कळेना. पण तारांखाली चुंबकाभोवती केसापेक्षा बारीक तारेचं वेटोळं असतं, ज्याला पिकअप म्हणतात, ते जळालेलं होतं. चाचा म्हणाले, वेटोळंच आहे ना, मग मोटर भरणाऱ्याकडे देऊ. माझ्या दिरांचं दुकान एसटी स्टँडजवळ आहे. उन्हाळ्यात बोअरच्या जळालेल्या मोटरी त्यांच्या दारात रांगेने उभ्या असतात. त्यांनी हसत हसत ते वेटोळं भरून दिलं आणि गिटार वाजली. सर म्हणाले, तुम्ही तिघं मिळून नवीनच का करत नाही? तिघांत मी धरली गेले, कारण शेड माझी होती आणि हिशेबही मीच ठेवणार होते.

गावाला पहिल्या दिवसापासून संशय होता. भट्टीचं दार बंद आणि आत खुडबुड, म्हणजे भेसळीचा खवा, असं एकाने पसरवलं. काही दिवसांनी क्रिकेटच्या बॅटी करतात असं झालं. गिरणीवाल्या काकूंनी तयार गिटार हातात घेऊन उलटसुलट केली आणि विचारलं, "ह्याला भोक कुठाय? भरीव लाकूड वाजतंय व्हय कुठं?" विजेवर वाजते म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या पिठात खडू मिसळला असावा.

तर सोमवारी सरांनी पहिली गिटार लावली. तिच्यावर तीन जागांचा खटका असतो. एका जागी मानेजवळचा पिकअप बोलतो, दुसऱ्या टोकाला खालचा, आणि मध्ये ठेवला की दोन्ही एकदम. मानेजवळचा गोल, भरदार वाजला. खालचा टोकदार, स्वच्छ. चाचांनी टोपी सारखी केली. सरांनी खटका मध्ये आणला आणि आवाज गेला. अगदी बंद नाही झाला, पण पत्र्याच्या रिकाम्या डब्यात तोंड घालून कुणी बोलावं तसा पातळ, पोकळ झाला. दोन्ही पिकअप चालू आणि आवाज एकापेक्षाही कमी. दुसरी गिटार तशीच. तिसरी आणि चौथीही. आम्हा तिघांत वाजवणारं कुणी नव्हतं. आधी तपासताना आम्ही भोंग्याच्या एका जुन्या डब्याला गिटार जोडून एकेका पिकअपवर स्क्रूड्रायव्हर टकटकवला होता आणि दोन्हीकडे टकटक आली म्हणून खूश झालो होतो.

सर भले माणूस. पुढच्या सोमवारी पुन्हा येतो म्हणाले. मुलं मधल्या जागेवरच जास्त वाजवतात, ते नीट झालं तर चारही घेऊन जाईन, नाहीतर नाइलाज आहे. काकू लगेच म्हणाल्या, "मी म्हणलं नव्हतं का, भोक पाहिजे."

सर गेल्यावर आम्ही तिघं एकमेकांकडे बघेना. दिरांचं म्हणणं, सोलापूरहून आणलेले खटके हलके आहेत आणि माझं डाग देणं, म्हणजे सोल्डरिंग, कच्चं आहे. डाग मी द्यायची. पिकअपच्या दोन तारांवर त्यांनी रंगीत नळ्या चढवून दिलेल्या असत, तांबडी खटक्याकडे आणि काळी अर्थिंगला, एवढं पाळायचं. मी एकदाही चुकले नव्हते. चाचांना वाटलं त्यांच्या लाकडावर बोट येणार. कुणी विचारलेलं नसताना त्यांनी सांगितलं की मानेचं सागवान जुन्या दाराच्या चौकटीचं आहे, धडाचं शिवणीचं लाकूड आपण स्वतः बघून घेतलंय, लाकूड खोटं बोलत नाही. दुसऱ्या दिवशी मला दिसलं, प्रत्येक धडाच्या आत त्यांनी पेन्सिलीने खूण करून ठेवली होती. कुणी लाकूड बदलेल अशी भीती त्यांना माझी होती की दिरांची, हे मी विचारलं नाही.

माझा संशय तांब्यावर होता. बारीक तारेचं रीळ मी वजन करून देत होते आणि उरलेलं वजन करून घेत होते. आत गेलेलं दूध आणि बाहेर आलेला खवा यांचा मेळ बसला पाहिजे, तसंच हे. मेळ बसत नव्हता. पिकअपांत जेवढी तार गेली असेल, त्यापेक्षा जास्त संपली होती. म्हणजे चांगली तार दुसरीकडे जाते आहे आणि आमच्या गिटारीत जळक्या मोटरींतली उकललेली तार भरली जाते आहे, म्हणून आवाज पातळ येतो, असा मी सरळ हिशेब मांडला. तो इतका नीट बसत होता की दुसरं काही सुचलंच नाही.

बुधवारी मी परंड्याला मोटरी भरणाऱ्या एकाला फोन करून विचारलं, केसाएवढ्या तारेचं काम कराल का. कशासाठी ते सांगितलं नाही. पण मोटरी भरणारे सगळे एकाच तारवाल्याकडून माल घेतात. संध्याकाळपर्यंत माझ्या फोनची बातमी भूमच्या एसटी स्टँडपर्यंत पोचली होती.

हे मला माहीत नसल्यामुळे गुरुवारी मी मिक्सर पिशवीत घालून दिरांच्या दुकानात गेले. मिक्सर चांगला होता. निमित्त लागतं म्हणून नेला. ते जमिनीवर बसून एका मोटरीत तार भरत होते. मान वर न करता म्हणाले, "या वैनी. फॅट बघाय आलाव का?"

दुकानात दोन शेतकरी मोटर घ्यायला बसले होते. ते हसले. मी मिक्सर पुढे केला. त्यांनी तो तिथेच पिनला लावला, फिरवला, बंद केला आणि परत माझ्या पिशवीत ठेवला. मग उठून फळीमागून प्लास्टिकची एक पिशवी काढली. आत तांबूस केसांचा गुंता होता. बारीक तार तुटते. अर्धं वेटोळं झालं की तुटली तर पुन्हा पहिल्यापासून. मोटरीची जाड तार आयुष्यभर हाताळलेल्या माणसाला ही तार सारखी तुटते हे सांगायची लाज वाटत होती, असं मला नंतर वाटलं. त्या वेळी त्यांनी फक्त पिशवी तराजूवर टाकली.

"तोला," ते म्हणाले. "गिऱ्हाइकासमोर तोला."

मी काटा बघितला. बघायला नको होता, पण नजर गेली. मेळ जवळजवळ बसत होता. थोडी तूट होती. ती माझ्या चेहऱ्यावर त्यांनी वाचली असावी.

"उरलेली माझ्या बनियनला चिकटली आसंल. तेबी घेऊन जावा."

मी म्हणाले, भावजी, तसं नाही, आवाज का जातो एवढंच बघायचंय. तेव्हा ते खरे चिडले. तार चोरल्याचा आळ त्यांनी थट्टेवर नेला होता. काम कच्चं म्हटलेलं त्यांना सोसलं नाही. त्यांनी समोरची मोटर माझ्याकडे फिरवली आणि बोट ठेवून दाखवलं. "हे बघा. एक वेटोळं सुलटं, शेजारचं उलटं. शेजारी शेजारी दोन सुलटी बसली तर मोटर फिरत न्हाय, नुसती गुरगुरती आन् जळती. तुमच्या गिटारीत दोन वेटोळी शेजारी हाईत, तर तितंबी म्या एकाची तांबडी उलटी काढलीय. न सांगता केलंय. इतकं ध्यान परंड्याचा देतोय का बघा."

परंडा हा शब्द ऐकून माझे कान तापले. शेतकऱ्यांना काय समजलं कोण जाणे, पण ते आता हसत नव्हते. मी नमस्कार करून निघाले.

घरी येऊन त्यांचं बोलणं मी जसंच्या तसं लिहून काढलं, कारण त्यात कुठेतरी कबुली सापडेल असं वाटत होतं. शुक्रवारी चाचांना वाचून दाखवलं. चाचा मानेला पॉलिशपेपर मारत होते. मोटर फिरत नाही, नुसती गुरगुरते, इथपर्यंत आल्यावर त्यांचा हात थांबला.

"पर ताई," ते म्हणाले, "अपनी गिटार को फिराना किधर है?"

मी वही खाली ठेवली. मग मी पहिली गिटार उघडली आणि एका पिकअपची तांबडी तार काळीच्या जागी, काळी तांबडीच्या जागी लावली. चाचांनी अँप्लिफायर म्हणून मशिदीतला जुना काढून टाकलेला तोच भोंग्याचा डबा आणला. खटका मध्ये ठेवून मी सगळ्या तारा एकदम छेडल्या. आवाज भरून आला. दोन वेटोळ्यांतलं एक ढकलत होतं तेव्हा दुसरं ओढत होतं, दोघं एकमेकांचं खात होती, एवढंच झालं होतं. मोटरीत जे पाहिजे तेच इथे नको होतं.

चाचांनी लगेच दिरांना फोन लावला. उचलला नाही. त्या रात्रीही नाही. मला तेव्हा असंही वाटून गेलं की त्यांना सोमवारीच सगळं उमगलं असेल आणि मी किती खोल जाते ते बघत ते मुद्दाम गप्प बसले असतील. चाचा म्हणाले, तुमच्या डोक्यात दुधाचं यंत्र बसवलंय, ते काढून ठेवत जा कधी कधी. पण धडातली पेन्सिलीची खूण त्यांनीही पुसलेली नाही.

शनिवारी मी दुसरी आणि तिसरी दुरुस्त केली. चौथीला घाई झाली. डाग सोडवताना चिमट्याचा हिसका बसला आणि तार वेटोळ्याच्या मुळाशी, आतल्या पदरात तुटली. बाहेरून जोडायला टोकच उरलं नाही. ते पूर्ण उकलून नव्याने भरावं लागेल. परंड्याच्या माणसाने बारीक तारेचं काम करत नाही म्हणून कळवलं आहे. ही तार भरू शकणारा माणूस इथे एकच आहे.

आज रविवार. सर उद्या येणार. तीन गिटारी पिशव्यांत भरून तयार आहेत. चाचांनी सकाळी पुण्याच्या ठेकेदाराला उद्या संध्याकाळी कळवतो असं सांगितलं, आणि या वेळी फोनवर बोलायला बाहेर गेले नाहीत. सीझन असल्यामुळे दिरांचं दुकान आज उघडं आहे. मी दुपारी स्टँडपर्यंत जाऊन आले. ते दारात उकिडवे बसून एका मोटरीचं झाकण ठोकत होते. मी पलीकडच्या बाजूने भाजी घेऊन परत आले.

झालेली कामं: तीन गिटारी, पुढच्या गिटारींसाठी खटक्यांची मागणी, सरांना फोन, शेडची झाडलोट.

राहिलेलं काम: चौथ्या गिटारीचा पिकअप भावजींकडे नेणे. तो रुमालात गुंडाळून ठेवला आहे. काय बोलायचं ते अजून लिहिलेलं नाही.