सुमनकाकूंचं पहिलं मत

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवाला नाही — म्हणजे त्याला ठाऊक असेलच, पण मी तोंडाने सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. सकाळपासून एकच कपाट तीनदा आवरून झालंय, तरी हात स्वस्थ बसत नाहीत.

इथे टेक्सासमधल्या प्लेनोत वैशाली माझ्यापासून दोन घरं पलीकडे राहते. दोन हजार सात साली ती स्कूल बोर्डाच्या निवडणुकीला उभी राहिली. आमच्या मराठी घोळक्यातली पहिलीच! तिची पत्रकं मी लिहिली, भाषणं मी लिहिली, कुठे थांबायचं नि कुठे हसायचं तेही कंसात लिहून दिलं. आणि तिच्या बॅकयार्डातल्या सभेत तिने समोसे आणणाऱ्यापासून गाड्या लावून घेणाऱ्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानले. माझं नावच नाही. कुणीतरी माझ्याबद्दल विचारलं, तर म्हणाली, "अगं, ही ना, मला टायपिंगला हेल्प करते."

टायपिंग! एवढ्यावरून? — हो, एवढ्यावरूनच. कारण मोठं असतं, तर सांगणं सोपं गेलं असतं.

वैशालीची आई, सुमनकाकू, त्याच हिवाळ्यात अमेरिकन नागरिक झाल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशनची तारीख नेमकी मतदानाच्या आदल्या दिवशीची. म्हणून त्यांना आठवडाभर आधीच, अर्ली व्होटिंगला न्यायचं ठरलं. उमेदवाराला मतदानकेंद्राच्या जवळपास प्रचार करायची बंदी, त्यामुळे वैशाली लांब, रेषेपलीकडे पाटी घेऊन उभी. काकूंबरोबर आत जायला तिने मला निवडलं. तुझ्याशिवाय कुणावर विश्वास नाही, म्हणाली. हेही सांगायलाच हवं.

मदतनिसाला शपथ घ्यावी लागते — मतदार सांगेल तसंच करीन. मी उजवा हात वर केला. काकूंना वाटलं, आपणही करायचा असतो. त्यांनीही केला. सणाला नेसावी तशी इरकल नेसून आल्या होत्या.

मशिनच्या पडद्यावर दोन नावं. वरचं वैशालीचं. काकू म्हणाल्या, "तू नुसती जागा दाखव गं, दाबणार मात्र मी."

मी त्यांचं बोट धरून खालच्या नावावर नेलं.

"हेच ना वैशूचं?"

"हो, काकू."

त्यांचं बोट जन्मभर भांडी घासून कोरडं पडलेलं. पडद्याला ते कळेचना. त्यांनी पदराला पुसून पुन्हा दाबलं. पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा उमटलं. ऐकताय ना — तिसऱ्यांदा! मधल्या वेळात मला तोंड उघडता आलं नसतं? शिवाय मशीन शेवटी सगळं परत दाखवतं, खात्री करून घ्या म्हणतं. मी खात्री केली. शेवटचं बटणही काकूंनीच दाबलं, आणि मशिनला नमस्कार केला.

मग शेजारच्या मशिनवर माझं स्वतःचं मत मी वैशालीलाच दिलं. म्हणजे भरपाई झाली, नाही का? कसली भरपाई! शाळकरी पोरंसुद्धा असं गणित करत नाहीत.

वैशाली हरली, आणि चांगली सणसणीत हरली. एका मताने काय फरक पडणार होता — हे वाक्य मी इतक्यांदा घोकलंय की झोपेतही म्हणू शकेन. त्याचा उपयोग होत नाही. कारण निकाल कळला तेव्हा डोळ्याला पट्टी बांधलेल्या काकू लेकीला म्हणाल्या, "लोकांचं सोड. माझं मत तुला होतं ना? मग झालं तर." वैशाली त्यांच्या मांडीत डोकं खुपसून रडली. मी त्यांच्याच स्वयंपाकघरात चहा गाळत होते.

काकू गेल्या महिन्यात गेल्या. काल भेटायला गेले, तर वैशालीने त्यांची पोथी उघडून दाखवली. पहिल्याच पानावर, मत दिल्यावर केंद्रावर देतात तो गोल स्टिकर चिकटवलेला. कडा पिवळ्या पडलेल्या.

"त्या इलेक्शनचं माझ्याकडे एवढंच उरलंय, यार," ती म्हणाली. मग माझा हात धरून विचारलं, "आईने स्वतः दाबलं होतं ना? माझ्या नावावर?"

मी "हो" म्हणाले. लगेच म्हणाले. आवाज जरासुद्धा कापला नाही.