ताटावरून उठवायचं नाही
गोळाभातावर ओतायच्या फोडणीचा वास आला की मला धंतोलीतलं मित्राचं घर आठवतं. शाळकरी मुलांसाठी आम्ही दोघं मराठीतून चालणारी एक छोटी प्रोग्रामिंग भाषा तयार करत होतो आणि जेवता जेवता एका प्रश्नावर हट्टाला पेटलो होतो: मुलाने एखाद्या आकड्याला नाव दिलं आणि पुढे ते वापरलंच नाही, तर चूक धरून प्रोग्राम थांबवायचा, की नुसता इशारा द्यायचा? "थांबवाचा! शिस्त लागली पाहिजे," मित्र म्हणाला. "मंग पोरं पळून जातील," मी म्हणालो. आवाज चढले, भात निवला. "काहून भांडून राहिले गा?" त्याच्या आईने विचारलं. मी म्हणालो, "काकू, पोरानं ताटात घेतलं अन् खाल्लंच नाही, तर काय कराचं?" तिने फोडणीची पळी माझ्या भातावर रिकामी केली. "रागवाचं. पण ताटावरून उठवाचं नाही. बाकीचं तं जेवून राहिला ना तो!" मित्र जेवू लागला. त्या भाषेत अजून पिवळ्या अक्षरांत इशारा येतो: 'घेतलं तं वापर ना गा.' परवा तो माझ्या लेकीच्या स्क्रीनवर उमटला. "बाबा, हे चूक आहे. मी मुलगी आहे, 'गा' नाही, 'वं' पाहिजे." मी विचारलं, "चूक, की इशारा?" "इशाराच," ती म्हणाली आणि पुढे लिहू लागली.