उचलणाऱ्यांचं तिकीट

आमच्या घरात मला उचलायची पद्धत आहे. पोलिओनं पाय गेले तेव्हा मी धड चालायला शिकलेही नव्हते, त्यामुळे चालल्याची आठवण नाही; उचलून नेल्याच्या आठवणी मात्र पोत्यानं सापडतील. पिशोरच्या शाळेची पायरी, एस.टी.चा दरवाजा, लग्नाचे मांडव, दवाखाने, सगळीकडे मला दादानं नेलं. दादा माझा थोरला भाऊ. शेतात राबलेला गडी, हात लांब, पाठ रुंद. कुठंही जायचा विषय निघाला की त्याचं उत्तर ठरलेलं: "उचलू की! त्यात काय एवढं?"

हळूहळू गावालाही तीच सवय लागली. मी कुठल्या पायरीशी थांबले की दोघंतिघं बाह्या सरसावून पुढे येत. मला विचारायचं कुणाच्या डोक्यातच येत नसे. प्रेमच ते, नाही म्हणत नाही. पण उचललेल्या बाईचा पदर कुठे जातो, चप्पल कुठे गळते आणि ती अधांतरी असताना यांच्या तुरीच्या भावाच्या गप्पा कशा चालू राहतात, हे उचलणाऱ्याला कधी कळत नाही. माझा फार संताप व्हायचा. पण ज्याच्या हातात आपण आहोत त्याच्याशी भांडायचं तरी कसं? आधी खाली ठेव म्हणावं लागतं.

एकदा आम्ही अजिंठ्याची लेणी बघायला गेलो. तिथे डोली मिळते, पण दादा ऐकतोय कुठला. "डोली कशाला? मी हाय की." नेलं बिचाऱ्यानं, सगळीकडे नेलं. परतताना मी विचारलं, कुठलं चित्र आवडलं? तर म्हणतो, "चित्रं व्हय? मी कुठं बघितली! मी पायऱ्या बघत व्हतो. एक तर लई बेकार फुटली हाय." तेव्हा मी खूप हसले होते.

पुढे मी औरंगाबादला बँकेत लागले. (तेव्हा शहराचं नाव तेच होतं.) चाकांची खुर्ची घेतली, तळमजल्यावर घर घेतलं आणि जमेल तितकं आपलं आपण करायला लागले. तरी रिक्षात चढताना रिक्षावाला लागायचाच. निवृत्ती जवळ आली तेव्हा मी मनाशी एकच हट्ट धरला: जगाच्या पाठीवर कुठल्या तरी शहरात, कुठल्या तरी बसमध्ये, कुणाचा हात न लागता चढायचं. एकदाच, पण चढायचं. सिंगापूरच्या बसमधून फळी निघते आणि खुर्ची सरळ आत जाते, असं माझ्या वाचनात आलं होतं. ठरलं.

छावणीतल्या एका प्रवासवाल्याकडे गेले. माणूस गोड. त्यानं चहा मागवला, माझ्या खुर्चीकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, फिकर नक्को करो. हर जगह अपने लोग रहते, उठा लेंगे." म्हणजे घरचे कमी पडले होते म्हणून आता परदेशातही! मी त्याला विचारलं, हॉटेलच्या न्हाणीघराचं दार किती रुंद आहे? तो हसला. असला प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलाच नव्हता. चहा पिऊन मी घरी आले.

मग बसले स्वतःच. शिंप्याची टेप घेऊन खुर्चीची रुंदी मोजली, पलंगाची उंची मोजली आणि एकेका हॉटेलला ईमेल धाडला: दार एवढं आहे का, संडासाशेजारी धरायला दांडी आहे का, उंबरा आहे का? बऱ्याच जणांनी नुसतं "होय, सगळी सोय आहे" असं कळवलं. त्यांच्यावर मी फुली मारली, कारण "सगळी सोय" म्हणजे काय ते मला इथं बसून ठाऊक होतं. एका हॉटेलातल्या बाईनं मात्र दाराला टेप लावून फोटो पाठवला. ती खोली महाग होती, पण मी तीच धरली. विमान कंपनीला आगाऊ कळवलं की माझी खुर्ची विमानाच्या दारापर्यंत माझ्याकडेच राहील आणि आतल्या बोळातून न्यायची अरुंद खुर्ची त्यांनी आणायची. खुर्चीचं वेगळं भाडं लागत नाही, हेही विचारून घेतलं.

हे सगळं जुळत आलं आणि दादा पिशोरहून आला. पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि डोक्यात पक्की योजना.

"बाई, म्या समदं ठरवलंय. मी, माझी दोन्ही पोरं, आन् सिल्लोडचा भाचा. भाचा तालमीतला हाय, एकटाच तुला इमानात नेऊन बसवील."

चार उचलणारे! चौघांची तिकिटं, चौघांच्या खोल्या, चौघांचा व्हिसा, आणि तालमीतल्या भाच्याचं जेवण तर वेगळंच धरायला हवं. एवढ्या पैशात सिंगापूरची बसच इकडे आणता आली असती. मी खर्चाचा कागद पुढे ओढला आणि म्हटलं, "दादा, तिथं उचलायचं काम नाही. चौघांच्या पैशात मी रुंद दाराची खोली घेतलीय."

"आसं कुठं आसतंय व्हय? पायरी नाय आसं गाव आसतंय का?"

"असतं म्हणे."

तो कमरेचा पट्टा चाचपत म्हणाला, "मंग माझं काय काम?"

पट्टा डॉक्टरनं दिलेला. मला उचलून उचलून त्याची कंबर कधीच गेली होती, आणि गेली म्हणून कबूल करायला तो तयार नव्हता. त्याला मागे ठेवून जावंसं मला वाटेना. शिवाय खरं सांगायचं तर मनातून मीही भ्याले होते. ती फळी निघालीच नाही तर? म्हणून पोरं आणि भाचा कापला आणि दादा ठेवला. अंदाजपत्रकात त्याच्यापुढे लिहिलं, "उचलणारा, राखीव". ते वाचून त्याची कळी खुलली.

सिंगापुरात पहिल्याच सकाळी आम्ही बसथांब्यावर गेलो. दादा टोपी, पायजमा आणि पट्टा अशा पुऱ्या तयारीत. बस आली. मधलं दार उघडलं. दादानं सवयीनं दोन्ही हात पुढे केले, गुडघे वाकवले. तेवढ्यात चालक खाली उतरली. एक बुटकीशी बाई. तिनं दारातली फळी उलटून फुटपाथवर टेकवली आणि मला मानेनं खूण केली. मी चाकांना हात घातला. एक जोर, आणखी एक जोर, आणि मी आत! कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी "अरेरे" केलं नाही. लोक आपापल्या फोनमध्ये होते.

बाईनं फळी मिटली, ती जागेवर जाऊन बसली, दार लागलं आणि बस निघाली. दादा खालीच! हात पुढे, गुडघे वाकलेले, तसाच.

मी ओरडायला हवं होतं. पण नाही ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा मी अशा ठिकाणी होते जिथे मला ओळखणारं कुणी नव्हतं आणि उचलणारंही कुणी नव्हतं. इतका आनंद झाला की मी मोठ्यानं हसले, आणि हसता हसता रडू फुटलं. शेजारच्या म्हाताऱ्यानं कागदी रुमाल पुढे केला. मग दादा आठवला, परक्या देशात एकटा, भाषा येत नाही, आणि मी घंटीचं बटण दाबलं.

पुढच्या थांब्यावर उतरून वाट बघत राहिले. थोड्या वेळानं दादा फुटपाथवरून लगालगा येताना दिसला, टोपी हातात.

"उतरवलं कुणी तुला?"

"कुणी नाही. माझी मीच."

तो बाकावर टेकला. दम खाऊन झाल्यावर म्हणाला, "म्हंजे खरंच काम नाय व्हय माझं."

"नाही," मी म्हटलं. "पुढच्या बसला तू पुढच्या दारानं चढ आणि खिडकीशी बस."

तसा तो चढला आणि बसला. बस पुलावरून निघाली, खाली नदी, नदीत होड्या, काठावर उंचच उंच इमारती. हॉटेलवर जेवायला परतायचं की बाहेरच खायचं, ते मी त्याला विचारलं. पुन्हा विचारलं. तेव्हा खिडकीवरची नजर न काढता तो म्हणाला, "थांब जरा, बाई. बघू दे मला."