दुसऱ्या तोंडाचा रकाना

बातमी आली तेव्हा मी माइकवर होतो. आमच्या शाळेतल्या एका बाईंचा निरोपसमारंभ, सूत्रसंचालक अर्थातच मी, आणि किस्सा ऐन रंगात आलेला. खिशातला फोन तिसऱ्यांदा थरथरला तेव्हा हाताने सभेला थांबवून मी बाजूला झालो. गौतमची मुलगी प्रज्ञा होती. “काका, बाबा गेले,” एवढंच म्हणाली. मी परत माइकपाशी आलो आणि अर्धा राहिलेला किस्सा पूर्ण केला. लोक पोट धरून हसले. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण गौतम असता तर त्याने विचारलंच असतं, “किस्सा पुरा केलता का रे परभ्या? कोण होतं तिथं? अजून कोण सांगन?”

आता दीड महिना झाला. एवढ्या दिवसांत माझ्यासारख्या माणसाने त्याच्यावर दहा किस्से रचून गावभर सांगायला हवे होते. एकही सांगितला नाही. मी त्याच्यावर रागावलेलो आहे, आणि मेलेल्या माणसावर रागावणं म्हणजे रिकाम्या प्रेक्षागृहापुढे प्रयोग करण्यासारखं आहे.

गौतम काय करायचा हे एका वाक्यात सांगणं अवघड. दिग्रसला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान, पाटीवर ‘संगणकाची सर्व कामे’. फॉर्म भरणं, झेरॉक्स काढणं हे गल्लीत बाकीचेही करायचे. गौतमकडे यायची ती माहितीचे डोंगर साठवून बसलेली आणि त्यात हवं ते न सापडणारी माणसं. वणीचा एक ट्रकमालक गाड्यांच्या कागदांचे हजारो फोटो मोबाइलमध्ये घेऊन आला होता. एक डॉक्टरीणबाई कित्येक वर्षांच्या रुग्णांच्या नोंदी घेऊन आल्या, कोणत्या गावात कोणता आजार कोणत्या महिन्यात वाढतो ते त्यांना पाहायचं होतं. गौतम आधी कॉम्प्युटरला हातच लावायचा नाही. खुर्ची अर्धी वळवून, समोरच्याकडे बघत विचारायचा, “हं… काय शोधाचं हाये ते सांगा आधी. ठेवाचं कसं ते मंग पाहू.”

पुसदचा एक लग्नाचा फोटोग्राफर पिशवीभर हार्ड डिस्क घेऊन आला, तेव्हा मी तिथेच चहा पीत होतो. आत ‘नवीन फोल्डर’, ‘नवीन फोल्डर दोन’, ‘फायनल’, ‘एकदम फायनल’ अशी रांग. गौतमने त्याला विचारलं, “लोक जुना फोटो मागाले येतात, तवा कोणतं लगन ते कसं सांगतात?” फोटोग्राफर डोकं खाजवत म्हणाला, “गाव सांगतात. तारीख कोणालेच आठवत नाई. मांडवाचा रंग आठवते.” झालं! गौतमने तो सगळा ढीग गाव आणि मांडवाचा रंग असा लावला. मला हसू आवरेना. मी म्हटलं, “अरे, हे कॉम्प्युटरचं काम आहे की मांडव-बिछायत केंद्राचं?” काही महिन्यांनी त्या फोटोग्राफरने एका बाईला गौतमकडे पाठवलं. तिच्या वारलेल्या वडिलांचा घरात एकही फोटो नव्हता. कुठल्याशा नात्यातल्या लग्नाला ते गेले होते, मांडव पिवळा होता, एवढंच तिला माहीत. पंधरा मिनिटांत तिचे वडील पडद्यावर आले, पंगतीत, हातात बुंदीचा लाडू, तोंड हसण्याने उघडं. बाईने पडद्यावर तळहात ठेवला आणि काढेचना… मी हा प्रसंग पुढे चार गावांत सांगितला. तिसऱ्या गावापासून ती बाई बेशुद्ध पडायला लागली. गौतमच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाला, “बेशुद्ध कधी पडली लेका? स्टुलावर बसली होती. पाणी मांगे.”

याच स्वभावातून वाचनालयाच्या मागच्या खोलीत गावाच्या आठवणींचा संग्रह उभा राहिला. जुने फोटो, कॅसेटी, बाजाराच्या नोटिसा, आणि मुख्य म्हणजे म्हाताऱ्या माणसांची बोलणी. गौतम रेकॉर्डर घेऊन घरोघर जायचा, आमच्या वाड्या-वस्त्यांत, तांड्यांवर, भीमनगरात, कापसाच्या जिनिंग मिलच्या चाळीत. प्रत्येक बोलण्याला गाव, वर्ष, विषय लावून ठेवायचा, म्हणजे कुणी ‘पूर’ किंवा ‘भोंगा’ विचारलं की त्याबद्दल बोललेले सगळे एकदम समोर यावेत. आणि प्रत्येक नोंदीच्या शेवटी त्याने स्वतःच्या डोक्यातून काढलेला एक रकाना असायचा, ‘दुसरं तोंड’. सांगणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणी तीच गोष्ट स्वतः पाहिली असेल, त्याचं नाव तिथे. ते नाव मिळेपर्यंत नोंद संग्रहात जायची नाही. नियम म्हणजे नियम. शेजारच्या गावच्या सरपंचाची गोष्ट याच रकान्यापायी दोन वर्षं बाहेर उभी होती.

माझ्या गोष्टी त्याने मनापासून रेकॉर्ड केल्या. शाळेत शिरलेल्या वाघाची, गणेशोत्सवात कोसळलेल्या रंगमंचाची, आणि सगळ्यात महत्त्वाची, माझ्या वडिलांची. वडील जिनिंगमध्ये कामाला होते. मी सात वर्षांचा असताना तिथे कापसाच्या गंजीला आग लागली, आणि धुरात शिरून वडिलांनी भोंगा वाजवला, म्हणून आतली माणसं वाचली. ही गोष्ट मी प्रत्येक स्नेहसंमेलनात सांगत आलो. भोंग्याचा आवाज तोंडाने काढतो, पोरं कान झाकतात. गौतम पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचा. मी अधूनमधून विचारायचो, “वडिलांची टाकली ना रे संग्रहात?” “टाकली ना बाप्पा,” तो चहा ओतत म्हणायचा. वडिलांच्या नावाने गावात ना पाटी, ना रस्ता. त्या संग्रहात ते आहेत, एवढ्यावर मी निवांत होतो. कीबोर्डवर नेहमी तोच बसायचा, त्यामुळे तपासायची वेळ कधी आलीच नाही.

शोकसभा त्याच वाचनालयात झाली. प्रज्ञाने मोठा पडदा लावला होता, लोकांनी पुढे येऊन आपल्या माणसांची नावं टाकायची आणि संग्रहात काय आहे ते पाहायचं. म्हाताऱ्या बाया आपला आवाज ऐकून लाजत होत्या. मी शेवटी गेलो, शेवट माझाच असतो. ऐटीत स्वतःचं नाव टाकलं. पडद्यावर आलं, ‘एकही नोंद सापडली नाही.’ वडिलांचं टाकलं. ‘एकही नोंद सापडली नाही.’ मागून कुणीतरी म्हणालं, “नेट नसन सर!” सभागृह हसलं. शोकसभेत मिळालेला तो माझा एकमेव हशा, आणि तो मी घेतलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी दुकानात जाऊन उभा राहिलो. प्रज्ञा माझ्याकडे बघत नव्हती. “काका, बाबांच्या मशीनवर एक वेगळं खातं आहे. ‘थांबलेले’ नावाचं. मले पण परवाच दिसलं.” उघडलं. माझ्या झाडून सगळ्या गोष्टी तिथे होत्या, ओळीने, स्वच्छ, प्रत्येकीखाली त्याची टीप. वाघाच्या खाली लिहिलं होतं, ‘वाघ वाढतो आहे. पहिल्यांदा सहा फूट, यंदा नऊ. पाहणारा दुसरा कोणी नाही.’ मी हसलो, खरंच हसलो. मग वडिलांची गोष्ट आली. तिच्याखाली दुसरा आवाज जोडलेला होता, जिनिंगमधले जुने फिटर सखारामजी यांचा. ते वारले त्यालाही बरीच वर्षं झाली. गौतमचा प्रश्न ऐकू येतो, भोंगा कोणी वाजवला, आणि म्हातारा खोकत सांगतो, “इंजनावरच्या माणसानं. परभाकर मास्तराचा बाप? तो नव्हताच त्या दिवशी. सुटी टाकून पोराले घेऊन पुसदले गेलता, सँडल घ्याले. मोठा भला माणूस बाप्पा. पण तो नव्हता.”

सखारामजींच्या नोंदीखाली रकाना. दुसरं तोंड. त्यात गौतमने लिहिलेलं, ‘प्रभाकर. विचारायचं आहे.’ नोंदीची तारीख बारा वर्षांपूर्वीची.

तपकिरी सँडल होते. पितळी बक्कल. परतीच्या एसटीत मी खिडकीकडे नाही, पायांकडे बघत होतो. दिग्रस जवळ आलं तसे वडील सीटवरून उठले आणि गाडी थांबेपर्यंत उभेच राहिले… समोर धूर दिसत होता. घरी आल्यावर जेवले नाहीत. मी सँडल घालूनच झोपलो. हे सगळं मला माहीत होतं. वडील वारले तेव्हा भेटायला आलेल्यांपुढे काहीतरी बोलायचं होतं, म्हणून भोंगा आला असेल, कोणाच्या तरी डोळ्यांत पाणी आलं असेल, आणि मग तो भोंगा थांबेचना. नेमका कधी सुरू झाला, आता खरंच आठवत नाही.

बारा वर्षं! बारा वर्षं रोज संध्याकाळी एका किटलीतला चहा, आणि हा माणूस माझ्यासमोर बसून मला ‘टाकली ना बाप्पा’ म्हणत होता. पहिल्या रांगेत बसून, सगळं माहीत असताना, टाळ्या वाजवत होता. त्याने ट्रकमालकाला विचारलं, सरपंचाला विचारलं, जिल्ह्यातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला विचारलं, फक्त मला विचारलं नाही. मी प्रज्ञाला म्हटलं, “तुझा बाप मला नुसता बाताड्या समजत होता.” ती म्हणाली, “तसं नाही काका. बाबांना वाटलं असेल, विचारलं तर तुम्ही यायचंच बंद कराल.” असेलही. मी केलं असतं का? माहीत नाही. पण ते ठरवायची संधी माझी होती, त्याची नव्हती. जो माणूस एका तोंडावर सरपंचाचाही शब्द घेत नव्हता, त्याने माझं उत्तर माझ्याशिवाय ठरवून टाकलं.

प्रज्ञाने खुर्ची मागे ओढली आणि मला बसायची खूण केली. गौतमची खुर्ची, सवयीने अर्धी बाहेरच्या बाजूला वळलेली, आता सरळ फिरवली तरी पुन्हा तिकडेच वळते. बसलो. सखारामजींच्या नोंदीतलं ‘विचारायचं आहे’ हे पुसलं आणि ‘प्रभाकर’ तेवढं राहू दिलं. खाली दोन ओळी स्वतःच्या टाकल्या: तपकिरी सँडल, पितळी बक्कल, वडील एसटीत उभे. भोंगा नाही. प्रज्ञाने नोंद संग्रहात सरकवली.

आता वाचनालयात माझं नाव टाकलं तर एक नोंद सापडते. वडिलांचं टाकलं तरी तीच. मी आठवड्यातून एकदा जाऊन पाहतो. येताना दुकानात डोकावतो, प्रज्ञा गिऱ्हाइकाशी बोलत असते, तिच्या बापासारखंच, आधी काय शोधायचं ते विचारत. मी गौतमच्या रिकाम्या खुर्चीपुढच्या स्टुलावर बसून राहतो. खुर्ची माझ्याकडे वळलेली असते.

विचार ना रे आता…