लखलखीत चिल्लर

थिएटरच्या तिकीटखिडकीत उभी हयात गेली, म्हणून गल्लीत सगळे त्यांना चिल्लरशेठ म्हणायचे. गल्ल्यात एखादं जुनं, चलनातून गेलेलं नाणं आलं की ते स्वतःच्या खिशातून भरपाई करत आणि ते घरी आणत. भोकाची, चौकोनी, कंगोऱ्यांची, नाना तऱ्हेची. महिनाअखेरीस घरात दूध बंद व्हायचं, पण नाणी येतच राहिली.

"म्हातारपणाची पुंजी आहे ही," ते बायकोला सांगत. "तू मात्र हात लावायचा नाहीस."

तिनं कधी लावलाही नाही. पण निवृत्तीनंतर त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. ते दवाखान्यात असताना तिनं कपाटावरचे डबे उतरवले आणि लिंबू-मिठानं एकेक नाणं घासलं. बोटांची सालटी निघाली. ते घरी आले तेव्हा पांढऱ्या चादरीवर सगळी मांडून ठेवली होती.

"बघा, कशी सोन्यासारखी झालीत!"

"वाटोळं केलंस!" ते ओरडले. शेजारीण दारात येऊन उभी राहिली. "तो काळा थर होता म्हणून किंमत होती. अडाणी ती अडाणीच!"

"मला कुणी कधी सांगितलं होतं?" एवढंच ती म्हणाली.

टाके सुकल्यावर ते डबे घेऊन जुन्या नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे गेले. त्यानं दोन-चार नाणी उलटीपालटी केली.

"घासलीत कुणी?"

"बायकोनं."

"वहिनींना बोल लावू नका. न घासता आणली असती तरी हेच सांगितलं असतं. असली नाणी घरोघरी पडून आहेत. मोडीच्या भावानं घेतो हवं तर."

ते डबे घेऊन परतले. बायको पाण्याचा पेला घेऊन दारातच उभी होती.

"काय म्हणाले?"

त्यांनी पाणी पिऊन घेतलं. "काय म्हणणार? तू काही शिल्लक ठेवलंयस का?"

त्यानंतर आल्यागेल्याला ती स्वतःच सांगायची, "यांच्या लाखाचे मी बारा हजार केले हो." लेकीच्या बाळंतपणाला तिनं मुकाट्यानं बांगड्या मोडल्या. ती असं सांगत असताना ते तिथंच बसून पेपर वाचत राहत.

तिच्या शेवटच्या आजारात तिनं त्यांचा हात धरला. "माझ्यामुळे तुमचं फार नुकसान झालं."

लेक शेजारी औषध ओतत होती. त्यांनी लेकीकडे पाहिलं, घसा साफ केला.

"झालं गेलं, जाऊ दे आता," ते म्हणाले.

तिला वाटलं, माफी मिळाली. तिनं हात जोडले.