आधी कोट काढा

“आदी कोट काडा, मंग बोला.” तक्रार मागे घ्या म्हणून समजूत काढायला येणाऱ्या प्रत्येक वकिलाला मावशी हेच म्हणायच्या, आणि हात असा झटकायच्या की जणू आता त्याच तो उतरवून घेणार. आमच्या तालुक्याच्या कोर्टात काळ्या कोटाचा केवढा रुबाब! मावशींना त्याची काडीची किंमत नव्हती. माझ्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा मीही मुकाट्याने कोट काढून खुर्चीवर टाकला. तेव्हा कुठे त्या बसल्या.

मावशी ऊसतोडीवर जाणाऱ्या, नवऱ्यामागे एकट्या. दिराने घराला कुलूप घातलं म्हणून त्यांनी दावा लावला होता. दसरा झाला, टोळी निघाली. त्यांचे वकील म्हणाले, “तुमी बिनघोर जा, मी हाय ना.” मावशी गेल्या. इकडे हे वकीलसाहेब एकाही तारखेला उभे राहिले नाहीत. दावा फेटाळला गेला, मावशी परतेपर्यंत तो पुन्हा चालू करायची मुदतही टळली. दिराच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला मात्र हेच साहेब फेटा बांधून पहिल्या पंगतीत!

याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा. बाररूममध्ये म्हणाले, “हलगर्जीपणा हो.” मी म्हटलं, बेइमानी म्हणा. साहेबांविरुद्ध मावशींची तक्रार चालवायला कुणी तयार होईना, कारण आपल्यातल्याच्या विरुद्ध उभं राहायचं नाही, हा तिथला रिवाज. मी उभी राहिले. माझ्या टेबलाशी चहाला कुणी थांबेनासं झालं. गेले उडत!

बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीसमोर साहेब म्हणाले, “पक्षकार बेपत्ता होती.”

मावशी ताडकन उठल्या. “जा म्हून कुनी सांगितलं? कोट काडून बोला, सायेब!”

समितीतले कोटवाले गालात हसले. ते हसू आठवलं की अजून माझं डोकं तापतं.

शेवटी, सुटीच्या तोंडावर, साहेबांची वकिलीची सनद निलंबित झाली. कधीपर्यंत? कोर्टाची उन्हाळी सुटी संपेपर्यंत! साहेब महाबळेश्वरला जाऊन आले.

निकाल लागला तेव्हा मावशी पुन्हा तोडीला, उसाच्या फडात होत्या. मी फोन केला.

“कोट काडला का त्येचा?”

“काढला, मावशी.”

“लई ब्येस झालं. मंग माज्या घराचं कुलूप कदी काडत्यात?”

समितीचा हात सनदेपर्यंतच पोचतो, कुलपापर्यंत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? तरी सांगितलं. फोनमध्ये त्यांच्यामागे कोयते चालू होते.

टोळी परतली, मावशी आल्या नाहीत. कारखान्याजवळच पाचटाची कोपी घालून राहिल्यात म्हणे. येऊन राहणार तरी कुठे?

सुटीनंतर कोर्ट उघडलं. साहेब कडक इस्त्रीचा कोट घालून पायऱ्या चढले. दोघातिघांनी उठून नमस्कार केला. मी सवयीने दाराकडे पाहिलं. “आदी कोट काडा” म्हणणारं तिथे कुणी नव्हतं.