नऊ दिवसांचा सौदा

मी मोंढ्यात मका-कापसाचे सौदे करून वर आलो. बापाकडून मला साधी खुर्चीही मिळाली नव्हती. समोरच्याची पहिली अट मी कधी मान्य केली नाही. बायकोच्या इन्सुलिनबाबतही नाही.

ती नवरात्र कडक करायची. दिवसाला दोन लवंगा आणि पाणी, बस. त्या साली तिला दोन वेळ इन्सुलिन सुरू होतं. मी भोकरदनच्या डॉक्टरांना म्हणालो, नऊ दिवस पोटात काही जाणार नाही, मग सुई कशाला? माझा हिशोब सरळ होता: आवक बंद झाली की गोदामातला माल आपोआप उतरतो. ते म्हणाले, उपवासच नको. मी अडून बसलो. ते निम्म्या डोसावर आले. मी चपला घालून दारापर्यंत गेलो, मोंढ्यात भाव तुटावा म्हणून उठून निघतो तसा. मागून आवाज आला, "करा मंग तुमच्या मनानं."

सौदा जिंकल्याच्या खुशीत मी वाटेत तिच्यासाठी झेंडूची फुलं घेतली.

पाचव्या माळेला उलट्या सुरू झाल्या. तहान भागेना, श्वासाला कुजक्या फळासारखा वास. सहाव्या माळेला तिला जीपमध्ये घालून जालन्याला निघालो. वाटेत तिनं विचारलं, "आज कितवी माळ?"

"सहावी."

"मंग तीनच राह्यल्या."

दुसऱ्या दिवशी तिथल्या दवाखान्यात तिनं जीव सोडला.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला बसवून समजावलं. अन्न थांबलं की शरीराला टंचाई कळते. यकृत साठ्यातली साखर सोडतं, नवी बनवतं. मेंदूला पुरावी म्हणून स्नायूंच्या पेशी साखर आत घेणं जवळजवळ थांबवतात. या सगळ्याला लगाम घालायला उपवासातही थोडं इन्सुलिन लागतंच. तेच मी बंद केलं होतं. मग साखर तुंबत गेली, पेशी चरबी जाळत राहिल्या आणि त्याचं आम्ल रक्तात साचलं. "रक्त साखरेनं भरलं होतं," त्या म्हणाल्या, "आणि पेशी उपाशी होत्या."

तेराव्यानंतर मी भोकरदनला भांडायला गेलो. टेबलावर हात आपटून म्हणालो, "मी व्यापारी आहे, मी खाली ओढणारच. तुम्ही खाली का आलात?"

डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही ऐकलं असतं का?"

मी हो म्हणालो. ते खोटं होतं, आणि दोघांनाही ते माहीत होतं. तरी त्यांनी एकदा अडून पाहायचं होतं. एवढ्यासाठी मी त्यांना आजही माफ केलेलं नाही. स्वतःला तर नाहीच.